पाला टाकलेली वाट

मी खोटं बोलतो असं आमच्या मूल गावात सगळे म्हणतात. तसं काही नाही. जे घडलं त्याला मी थोडं पाणी सोडतो, एवढंच. धानाच्या बांधीत पाणी सोडलं तर कोणी शेतकऱ्याला खोटारडा म्हणत नाही.

बसस्टँडच्या मागे माझं दुकान आहे. पुढच्या बाजूला झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. आतल्या खोलीत दोन संगणक, ते गिऱ्हाइकांसाठी नाहीत. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी असं ऊन असतं की रस्त्यावरची सावलीसुद्धा उठून चहाच्या टपरीत जाऊन बसते. त्या वेळात कोणी फॉर्म भरायला येत नाही. तेवढा वेळ मी गेम खेळतो. वय सांगत नाही, पण दाढी काळी करायला लागून बरीच वर्षं झाली.

माझ्या गोष्टी सरळ चालत नाहीत हेही लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. राजुऱ्याच्या माणसाची गोष्ट सांगायला घेतली की ती आधी मूलला चहा घेते, धानोऱ्याला जेवते, आणि राजुऱ्याला पोचेस्तोवर त्या माणसाच्या पोरांची लग्नं झालेली असतात. ही एक मात्र सरळ सांगणार आहे. कारण ती सरळ गोष्टीबद्दलच आहे.

माझी भाची चंद्रपूरला इंजिनिअरिंग शिकली आणि शिकून झाल्यावर सहसा इंजिनिअर जे करत नाहीत ते तिने केलं, म्हणजे काहीतरी बनवलं. तिने एक गेम बनवला. एकटीने, आईच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून, ज्या लॅपटॉपवर मी दोनदा फेविक्विक लावून दिलं होतं त्या लॅपटॉपवर.

ज्यांनी असले गेम खेळले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बहुतेक गेममध्ये इथून तिथे जायचं असतं, वाट एकच. ओपन वर्ल्ड म्हणजे मोकळं रान. एक माणूस घ्यायचा, त्याला हळूहळू मोठं करायचं आणि वाटेल तिकडे हिंडायचं. वाटेत कोणी काम सांगतं, केलं तर केलं. भाचीच्या गेममध्ये राक्षस नव्हते की तलवारी नव्हत्या. धानोऱ्याच्या पलीकडचं जंगल होतं तसं होतं: साग, मोह, नाले, पाडे, आठवडी बाजार. हा गेम तिने इंटरनेटवर फुकट टाकला आणि कुठल्या कुठल्या देशांतले लोक आमच्या नाल्यात पाय धुऊन गेले. मी लोकांना आकडा सांगतो तो जरा मोठा असतो, म्हणून इथे सांगत नाही.

मग पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं पत्र आलं. गेम आवडला, तुम्हाला कामावर घेण्याचा विचार आहे, पण गोष्ट सांगता येते का ते बघायचं आहे. या गेमला एक पुरवणी जोडा. पुरवणी म्हणजे एक्स्पान्शन. मूळ उत्तरपत्रिका भरली की परीक्षेत मागून घेतात, तशी. नवा मुलूख, नवी गोष्ट, दोन तासांची. खेळणाऱ्याने ती शेवटपर्यंत खेळली पाहिजे. मुदत एप्रिलच्या मध्यापर्यंत.

तिचे वडील, म्हणजे माझे भाऊजी, धानोऱ्याला गणिताचे मास्तर. ते कधी रागावत नाहीत, फक्त तारीख सांगतात. "एप्रिल संपेपर्यंत मी काही बोलत नाही," ते म्हणाले. "पुण्याचं जमलं तर पुणे. नाहीतर नागपूरला बँकेचा क्लास." फॉर्म त्यांनी माझ्याच दुकानातून भरून घेतला. फोटो मीच काढला. त्या फोटोत माझी भाची कर्ज नामंजूर झाल्यासारखी दिसते.

मार्चमध्ये ती माझ्याकडे आली. गोष्ट कशी सांगायची, यावर आमचं भांडण तेव्हा सुरू झालं.

माझं म्हणणं असं होतं की पुरवणीत सरळ गोष्ट चालत नाही. मला अनुभव आहे. एका विदेशी गेममध्ये मी तीन वर्षं राहिलो. खेळलो म्हणत नाही, राहिलोच. तिथे माझी तीन घरं होती, सात घोडे होते, एक ड्रॅगन मला पाहिला की रस्ता बदलायचा. मग पुरवणी आली. मला एका होडीत बसवलं, बेटावर उतरवलं आणि दोन्ही बाजूंनी दगडी भिंती असलेल्या वाटेने चालायला लावलं. डावीकडे एक टेकडी होती, गुडघ्याएवढी. मूळ गेममध्ये मी बर्फाचे डोंगर चढून आलेला माणूस. त्या टेकडीवर चढायला गेलो तर पाय जागच्या जागी हलत राहिले आणि पाटी आली: इकडे जाता येत नाही.

"आपल्याच गावात आपल्याले हाताले धरून फिरवल्यासारखं," मी म्हणालो. "ज्याले मोकळं सोडलं त्याले मंग दावं बांधायचं नाही. बांधायचं होतं तं आधीच बांधाचं."

भाचीने माझा गेमचा रिमोट बाजूला ठेवला. "मामा, तुह्या त्या मूळ गेममधी तुह्या बायकोले कोणी पळवून नेलं होतं ना?"

"राक्षसानं."

"मंग तू काय केलं?"

"मी मासे पकडत होतो."

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

"अन् बायको?"

"वाट पाहून राह्यली होती. त्यात काय, गेमच आहे तो."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "तुमच्या मोकळ्या रानात कोणाले कोणाची घाईच नसते. गोष्ट म्हणते लवकर चल, अन् माणूस मासे पकडते. मले अशी गोष्ट पाहिजे जिच्यात मासे पकडाले कोणी बसणार नाही. मूळ गेममधी हिंडून हिंडून लोकायनं रान पाह्यलं आहे. ओळख झाली आहे. आता एकदा सरळ चाला म्हणा ना. दोन तास."

तिची गोष्ट तिच्या आईची होती. माझी बहीण नर्स आहे, धानोरा तालुक्यात, शहाण्या माणसाने बदली मागून घ्यावी अशा गावी. गाडी जात नाही म्हणून नाल्यापलीकडच्या पाड्यावर लशीचा डबा घेऊन चालत जावं लागतं. डब्यात बर्फाच्या पट्ट्या. त्या वितळायच्या आत पोचायचं, नाहीतर लस वाया. बहिणीने हे इतक्यांदा केलं आहे की तिच्या लेखी ती गोष्टच नाही. भाचीच्या लेखी होती. डबा, बर्फ, एक वाट, पाच फाटे. चुकीच्या वाटांवर तिने काटेरी कुंपणं आणि न दिसणाऱ्या भिंती घातल्या. मी म्हणालो, ही माझीच टेकडी आहे. ती म्हणाली, मामा, तू बस आता.

खेळून बघायला माणूस हवा होता. मी चालणार नव्हतो, माझं मत आधीच झालं होतं. म्हणून मी माझा मोठा मॉनिटर गोणपाटात गुंडाळून बसने बहिणीकडे गेलो. वाटेत कंडक्टरने मॉनिटरचं तिकीट मागितलं. मी सांगितलं की आत सोनोग्राफीची मशीन आहे, नर्सबाईकडे चालली आहे. कंडक्टरने तिला खिडकीजवळची जागा दिली.

बहिणीच्या क्वार्टरशेजारी एक बाई राहते. साठीची असेल. घरी गोंडी बोलते, आमच्याशी आमची बोली. पहाटे मोह वेचायला जाते आणि दुपारी फुलं वाळत घालून झाली की कूलरसाठी बहिणीकडे येऊन बसते. भाचीचा मूळ गेम सगळ्यात जास्त कोणी खेळला असेल तर या बाईने. काही मारलं नाही, कोणाचं काम केलं नाही, फक्त हिंडली. भाची स्वतःच बनवून विसरून गेली होती असं एक तळं बाईने शोधून काढलं. एकदा रिमोट खाली ठेवून म्हणाली, "येवढा मोठा मोह, अन् खाली एकबी फूल नाई. उन्हाळा आहे ना तुह्या गेममधी?" दुसऱ्या दिवशी भाचीने फुलं घातली. बाईने ती सगळी वेचली.

तर बाईला पुरवणी दिली. डबा उचल, पाड्यावर पोचव. बाई चालायला लागली. पहिला फाटा आला. उजवीकडची वाट बरोबर होती. तिथे भाचीने शोभेसाठी, वाऱ्याने पडल्यासारखे, चार-दोन हिरवे डहाळे आडवे टाकले होते. डावीकडे काटेरी कुंपण.

बाई थांबली. उजवीकडे पाहिलं, वळली. डावीकडे गेली, कुंपण पाहिलं, वळली. मग मोहाच्या झाडाखाली जाऊन फुलं वेचायला लागली. वर कोपऱ्यात बर्फाची पट्टी लहान लहान होत गेली आणि संपली. पाटी आली: लस खराब झाली.

स्वयंपाकघरातून बहीण ओरडली, "लस कोणं खराब केली?"

"मी नाई, मॅडम," बाई म्हणाली. "वाटच नोती. दोन्हीकून बंद."

"बाई, उजवीकडून जा ना," भाची म्हणाली. "उघडीच आहे वाट."

"पाला टाकला आहे तिथं."

"तो असाच टाकला मी. दिसाले चांगला."

बाईने तिच्याकडे निवांतपणे पाहिलं. "दिसाले चांगला म्हणून पाला टाकत नसते कोणी वाटेवर."

मग तिने समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. जंगलात माणसं पुढेमागे चालतात. पुढचा फाट्यावर आला की जी वाट घ्यायची नाही तिच्यावर ओला डहाळा मोडून टाकतो. मागचा येतो, पाला बघतो, दुसरी वाट धरतो. हाक मारावी लागत नाही, थांबावं लागत नाही. पाला हिरवा असला तर पुढचे आत्ताच गेले. सुकला असला तर पाय उचला. "अन् तू चांगल्याच वाटेवर पाला टाकला," बाई म्हणाली. "तुले कोणं शिकवलं नाई? तू तं इथीच वाढली."

भाचीचे कान लाल झाले. लहानपणी तिने शंभरदा पाहिलं होतं. पण चार वर्षं हॉस्टेलमध्ये राहून ती चंद्रपूरची झाली होती, आणि चंद्रपूरला वाटेवर पाला पडला तर नगरपालिकेला फोन करतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गेमवाल्याची ही चूक पकडली गेली नसती, कारण त्याची पहिली खेळणारी ही बाई नसती.

त्या दिवसापासून पाच दिवस भाची लॅपटॉपसमोरून उठली नाही. तिने सगळी कुंपणं काढली. न दिसणाऱ्या भिंती काढल्या. पाटी काढली. प्रत्येक फाट्यावर चुकीच्या वाटेवर फक्त पाला टाकला. आणि पुढे चालणारं एक माणूस घातलं, डबा घेऊन मागून येणाऱ्या नर्सला वाट दाखवणारं. ते माणूस पडद्यावर कधीच दिसत नाही. त्याचा पाला तेवढा दिसतो.

"मंग सगळं मोकळंच झालं की," मी म्हणालो. "मी जिंकलो."

"मोकळंच आहे," ती म्हणाली. "पाला ओलांडून कोणीबी जाऊ शकते. पण काऊन जाईल?"

बाई दुसऱ्यांदा खेळायला बसली. मी मुद्दाम बाजूला चहा घेऊन बसलो होतो, कारण मला ती मोहाखाली बसताना बघायची होती. ती बसली नाही. एक फाटा, पाला, दुसरी वाट. दुसरा फाटा, पाला, दुसरी वाट. तिसऱ्या फाट्याच्या अलीकडे भाचीने मुद्दाम असा मोह लावला होता की त्याच्याखाली जमीन दिसत नव्हती, सगळी पिवळी. बाईने मान वळवून पाहिलं आणि पुढे गेली. पाड्यावर पोचली तेव्हा बर्फ अर्धा शिल्लक होता.

"मोह दिसला नाई का, बाई?" मी विचारलं.

"दिसला ना."

"मंग वेचला काऊन नाई?"

"पुढचा थांबला असता ना माह्यासाठी," ती म्हणाली.

माझा चहा तिथेच गार झाला. तीन वर्षं त्या विदेशी गेममध्ये राहून मी जे कधी समजून घेतलं नव्हतं ते बाईने एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मला भिंतीने अडवलं म्हणून राग आला होता. पुढे कोणी आहे असं वाटलं असतं तर मी त्या टेकडीकडे पाहिलंही नसतं. हे मी भाचीला बोलून दाखवलं नाही. मामाने सगळंच बोलू नये.

खरी पंचाईत रविवारी झाली. भाऊजी म्हणाले, मीही बघतो एकदा, काय आहे ते. भाची आतून हादरली, कारण त्यांनी आयुष्यात मोबाइलवर सापाचाही गेम खेळला नव्हता आणि निकाल त्यांच्याच हातात होता. ते ताठ बसले, रिमोट वर्गातल्या डस्टरसारखा धरला आणि चालायला लागले. पहिल्या फाट्यावर आले. पाला पाहिला. पाल्यावर पाय ठेवून सरळ पुढे गेले.

"भाऊजी, पाला आहे," मी म्हणालो.

"अडवत तर नाही."

"तिकून जाऊ नाई, बाबा," भाची म्हणाली.

"नकाशात पाडा उत्तरेला आहे. ही वाट उत्तरेला जाते. सरळ रेषेत अंतर सगळ्यात कमी असतं."

त्या बाजूला काहीच नव्हतं. भाचीने फक्त झाडं लावून ठेवली होती. भाऊजी त्या झाडांतून चालत राहिले. बर्फ वितळला, लस गेली, तरी चालत राहिले. मधून मधून थांबून वर बघायचे. एकदा म्हणाले, "हा पक्षी कोणता?" भाची म्हणाली, तो मी सहज टाकला आहे, बाबा. पाऊण तासाने त्यांनी रिमोट ठेवला आणि म्हणाले, "गोष्ट सापडली नाही." एवढंच. मग कपडे इस्त्री करायला गेले.

पुण्याच्या मुदतीला आठवडा राहिला होता. भाची म्हणाली, "पुण्याचे लोक बाबासारखेच असणार. बाईसारखे नाई. सगळे पाला तुडवून जातील. भिंत घालते पुन्हा."

 तेव्हा मी बोललो. इथे मला एक कबुली द्यायची आहे, जी वाचकांना विशेष वाटणार नाही, पण आमच्या घरात तिने भूकंप झाला.

बहिणीची पहिली नेमणूक या भागात झाली तेव्हा मी तिला पोचवायला आलो होतो. वीस वर्षं झाली असतील. पाड्यावरच्या लोकांबरोबर आठवडी बाजाराला निघालो आणि गप्पा मारत मारत मागे पडलो. फाटा आला. एका वाटेवर डहाळा पडलेला. मला ती वाट जवळची वाटली, डहाळा उचलून फेकला आणि गेलो. त्या दिवशी मला वाघ भेटला, ही गोष्ट मी आजवर निदान चारशे लोकांना सांगितली आहे. वाघ आधी एक होता, मग बछडे झाले. मूलमध्ये लोक नव्या जावयाला माझ्याकडे मुद्दाम ती ऐकायला पाठवतात.

"वाघ नोता," मी म्हणालो.

बहिणीने पोळपाटावरून मान वर केली. "काय?"

"काहीच नोतं. नुसतं जंगल. दुपारपर्यंत चाललो, अन् फिरून त्याच फाट्यावर आलो, मागच्या बाजूनं. तिथं एक म्हातारा बसला होता. पाणी दिलं त्यानं. म्हणाला, पाला दिसला नाई का? एवढंच. मंग उठला अन् पुढं चालाले लागला. मी मागं मागं. काही बोलला नाई रस्ताभर."

"म्हणजे तो वाघ खोटा," बहीण म्हणाली. "मी दवाखान्यात येणाऱ्या हरेक बाईले तो वाघ सांगून राह्यली वीस वर्षांपासून. एका पोराचं नाव ठेवलं आहे त्याच्यावरून."

भाची मात्र माझ्याकडे असं बघत होती जसं मी आयुष्यात पहिल्यांदा काही बोललो होतो. "बसला होता म्हणजे, तुह्यासाठी?"

"मंग कोणासाठी? बाजार निघून गेला होता त्याचा."

तिने भिंत घातली नाही. पाल्यापलीकडच्या सगळ्या वाटा तिने वळवल्या. कितीही चाला, हळूहळू फिरून त्याच फाट्यावर. तिथे एक म्हातारी बसलेली, वाळल्या भोपळ्याचा पाण्याचा तुंबा घेऊन. बर्फ थोडा कमी झालेला, संपलेला नाही. आवाजासाठी बाईला मोबाइलसमोर बसवलं. बाईने एकदाच म्हटलं आणि तेच ठेवलं. रागावून नाही, हसून नाही, चहा झाला का असं विचारावं तसं: "पाला दिसला नाई का?"

भाऊजींना पुन्हा बसवलं. त्यांनी पुन्हा पाला ओलांडला. मला वाटतं, मुद्दामच. चालत चालत फिरून फाट्यावर आले, म्हातारीने विचारलं.  "दिसला होता," ते पडद्याला म्हणाले, आणि दुसऱ्या वाटेने गेले. त्यानंतरचे चारही फाटे त्यांनी बरोबर घेतले. शाळेत पोरं सांगतात की मास्तर उत्तर चुकलेलं मान्य करत नाहीत. पोरांनी तो दिवस पाहायला हवा होता.

मुदतीला दोन दिवस राहिले तेव्हा बाईने पुरवणी शेवटची म्हणून खेळून पाहिली. पाड्यावर पोचली, डबा दिला, मुलांना सुया टोचल्या, मुलं रडली, पडद्यावर अक्षरं आली: समाप्त. भाचीने सुटकेचा श्वास सोडला. बाईने रिमोट सोडला नाही.

"वापस कसं जाऊ?"

"संपलं, बाई. झालं आता."

"अन् पाला?"

"पाल्याचं काय?"

"उचलन कोण? सगळे गेले की शेवटच्यानं पाला बाजूले करायचा असते. उद्या कोणी त्याच वाटेनं निघालं तं? त्याले वाटन, वाट बंद आहे. पाला टाकला तसा ठेवून घरी जाते का कोणी?"

भाची माझ्याकडे बघायला लागली, मी कूलरकडे. पुरवणी संपली की खेळणारा मूळ रानात परत येतो, आणि तिथे पुरवणीतल्या वाटा तशाच आडवा पाला घेऊन पडून राहणार, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. दोन दिवसांत तिने परतीची वाट बनवली. समाप्त अक्षरं काढून टाकली. डबा रिकामा झाला की नर्स आल्या वाटेने मागे फिरते, प्रत्येक फाट्यावर वाकते, डहाळा उचलून झाडाच्या बुंध्याशी ठेवते. पाचवा पाला उचलला की त्या सगळ्या वाटा मोकळ्या होतात आणि जुन्या रानाला जाऊन मिळतात. एक वाट बाईच्या तळ्यावर निघते. आता कुठेही जा, घाई नाही.

पुरवणी पुण्याला गेली. उत्तर येईना. एप्रिल संपत आला. भाचीने बॅग भरली, बँकेच्या क्लासची पुस्तकं मीच आणून दिली. शेवटच्या सकाळी मी निरोपाला हजर होतो. दहाची बस. साडेनऊला भाऊजी बूट घालून तयार, रिक्षावाल्याला सांगून झालेलं. मग ते भाचीला म्हणाले, "तो लॅपटॉप जरा उघड. माझा एक पाला राहिला आहे."

"कोणता?"

"पाचवा. काल शाळेत जायची वेळ झाली म्हणून राहिला."

ते बूट घालूनच बसले. चौथ्या फाट्यापासून पाचव्यापर्यंतचं अंतर तिने जरा जास्तच ठेवलं होतं, संध्याकाळचा उजेड दिसावा म्हणून. लांबून बसचा हॉर्न आला. मी भाऊजींकडे पाहिलं, बहिणीने माझ्याकडे. भाऊजी वाकले, म्हणजे पडद्यातली नर्स वाकली, आणि डहाळा उचलून झाडाशी ठेवला. बस गेली, मी ऐकली. वाट मोकळी झाल्यावरही ते काही वेळ त्या रानात उभे राहिले.

"दुपारी एक बस आहे ना?" ते म्हणाले.

"आहे," बहीण म्हणाली.

दुपारी म्हणाले, ऊन फार आहे. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी त्यांना नेमकी शाळेची बैठक आली. भाची कोणाला काही विचारत नव्हती. बॅग दाराशी तशीच, भरलेली.

इथे मला सांगता आलं असतं की बस सुटली त्याच क्षणी पुण्याचं उत्तर आलं. दुकानात मी तसंच सांगतो. पण ते आलं नवव्या दिवशी, दुपारी, मी कोणाचा तरी जातीच्या दाखल्याचा फॉर्म भरत असताना. त्यांनी लिहिलं होतं की आमच्यापैकी पाच जण खेळले, तिघे पाला तुडवून गेले, त्यांतल्या एकाने म्हातारीला भेटायला तसं आणखी तीनदा केलं. सहा महिने कामावर या, मग पाहू. दाराशी भरलेली बॅग होतीच. त्यातली बँकेची पुस्तकं तेवढी काढली.

आता ती पुण्याला दुसऱ्या कोणाच्या तरी मोठ्या गेमची पुरवणी बनवते. कामाचं स्वरूप विचारलं तर म्हणाली, "भिंती घालते, मामा. वरून सांगतात तिथं." सहा महिन्यांतले चार झाले आहेत. भाऊजींनी बँकेच्या क्लासची पावती गणिताच्या पुस्तकात ठेवली आहे. ती काढलेली नाही, बघतही नाहीत.

मागच्या आठवड्यात मी बहिणीकडे गेलो तर दुपारी बाई कूलरसमोर बसून खेळत होती. पुरवणीचा मुलूख. पाचही पाले उचलून झाडांशी ठेवलेले. ती तिसऱ्या फाट्याजवळच्या त्या मोठ्या मोहाखाली होती, एक एक फूल वेचत, टोपली काठोकाठ.

"आता वेचून राह्यली का, बाई?" मी म्हणालो.

"मंग?" ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "आता कोणी पुढं नाई ना, भाऊ."